चालवणाऱ्याकडची बाजू

“रविवारी मी चालवणार आणि तू मागं बसणार,” कोरीन म्हणाली आणि बटाट्यांचं भांडं त्याच्याकडे सरकवलं. कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला सांगावा तशा आवाजात ती हे बोलली. नॉर्बर्टच्या डाव्या हातातला काटा वाटेतच थांबला. उजवा हात मांडीवर पडून होता. ऑक्टोबरपासून तो तसाच पडून असायचा, पाहुणा येऊन विसरून गेलेल्या टोपीसारखा. नॉर्बर्टला म्हणायचं होतं, नाही. म्हणायचं होतं, ती माझी गाडी आहे आणि माझ्या गाडीवर मी मागं बसणार नाही, तू खुशाल एकटी जा. वाक्य डोक्यात अख्खं तयार होतं, व्याकरणासकट. त्यानं तोंड उघडलं आणि म्हणाला, “दूध.” कोरीननं त्याच्याकडे पाहिलं. “दूध नको म्हणतोस की मागं बसायला नको म्हणतोस?” तो पुन्हा म्हणाला, “दूध!” आणि आपल्याच तोंडाचा राग येऊन पाठोपाठ एक सणसणीत शिवी हासडली. ती मात्र खणखणीत आली. शिव्या शाबूत राहिल्या होत्या, नावं तेवढी गेली होती. झटक्यानंतर डॉक्टर म्हणाले होते, शिव्यांचं घर मेंदूच्या दुसऱ्या बाजूला असतं. कोरीन त्यावर म्हणाली होती, “मग ती बाजू आधीपासूनच भक्कम होती.”

मोटरसायकलच्या मागच्या सीटला त्यांच्या टोळक्यात एक नाव होतं. बाईला द्यायची शिवी आणि तिला जोडून सीट, असं ते नाव. टोलेडोतला कुठलाही गाडीवाला ते बायकोदेखतही सहज म्हणून जातो आणि बायकाही हसतात. कोरीन त्या सीटवर बसून मिशिगनच्या टोकापर्यंत गेली होती, केंटकीच्या डोंगरांत गेली होती, एकदा गारांचा मार खात नदीकाठच्या पुलाखाली तासभर उभी राहिली होती. पण त्या सीटवर गडीमाणूस बसलेला नॉर्बर्टनं उभ्या जन्मात एकदाच पाहिला होता. त्याची गाडी रस्त्यात बंद पडली होती, आणि त्याला ते पुढं कितीतरी उन्हाळे ऐकून घ्यावं लागलं. आता रविवारी चर्चच्या आवारात सगळे जमणार. दरवर्षी वसंतात फादर येऊन गाड्यांवर पवित्र पाणी शिंपडतात. यंदा आवारात नवं डांबर घातलं म्हणून ते जूनवर गेलं. साठ-सत्तर गाड्या रांगेत उभ्या राहतील, आणि त्यांच्यामधून कोरीन येईल, तिच्या पाठीला चिकटून नॉर्बर्ट गोर्स्की. त्यानं बटाटा तोंडात टाकला. बटाटा छान झाला होता, लोणी भरपूर होतं. त्याला हेही सांगता आलं नसतं.

मोटरसायकलचं लायसन्स तिनं एप्रिलमध्येच काढलं होतं. त्याला न सांगता, तीन शनिवार-रविवार कॉलेजच्या रिकाम्या वाहनतळावर नातीच्या वयाच्या पोरींबरोबर नारिंगी शंकूंमधून छोटी गाडी फिरवत. कार्ड हातात आलं तेव्हा तिनं ते त्याच्या कॉफीच्या कपाला टेकवून ठेवलं. शाळेची पिवळी बस इतकी वर्षं चालवणाऱ्या बाईला चाकांची भीती नव्हती. पण बस आडवी होत नाही, तोल मागत नाही. त्या सकाळी कार्ड पाहून त्याला काहीतरी वाटलं. ते नक्की काय होतं हे ठरवायला त्याला बरेच दिवस लागले. आधी वाटलं अपमान. मग वाटलं भीती. मग एके दुपारी ती अंगणात वाकून गुलाबाच्या मुळाशी माती ओढत होती आणि त्याला समजलं की छातीत जे दाटून येतंय ते आभार आहेत, फक्त त्यांना बाहेर पडायला दार नाही. आयुष्यभर त्यानं थँक्यू हा शब्द चिल्लरीसारखा वाटला होता. पेट्रोलपंपावरच्या पोरीला, दार धरणाऱ्या अनोळख्याला, चुकीचा नंबर लावणाऱ्यालासुद्धा. घरात तो शब्द मीठ द्या, मीठ घ्या इतकाच. आता तो खराखुरा लागला तेव्हा सापडत नव्हता. न्हाणीघरात आरशासमोर तो रोज प्रयत्न करायचा. ओठ नीट आकार घ्यायचे आणि बाहेर यायचं “टपाल.” रविवारच्या आत एकदा, फक्त एकदा, तिच्याकडे बघून तो शब्द म्हणायचा, असं त्यानं मनाशी घेतलं होतं. आणि आता तीच त्याला मागं बसायला सांगत होती.

जेवण झाल्यावर ती त्याला गॅरेजमध्ये घेऊन गेली. गाडी स्टँडवर, चादर काढलेली. तोंडाला जो मोठा मुखवटा असतो, ती फेअरिंग, तिला दोन अंगं. बाहेरचं अंग जगाकडे आणि वाऱ्याकडे, आतलं चालवणाऱ्याकडे. वेगाचा काटा, पेट्रोलचा काटा, रेडिओ, दोन बाजूंना दोन स्पीकर, मध्ये किल्ली. बाहेरच्या अंगाला लोक मेण लावून लावून आरसा करतात. आतलं काळं प्लास्टिक उन्हानं राखेच्या रंगाचं होतं आणि कुणी त्याकडे बघत नाही, कारण चालवणारा रस्त्याकडे बघत असतो. नॉर्बर्टच्या गाडीचं हे आतलं अंग डाव्या स्पीकरपासून काट्यापर्यंत उभं फुटलं होतं. ऑक्टोबरात तो पेट्रोल भरून परतला, अंगणात वळला आणि उजव्या हाताला म्हणाला, ब्रेक, आणि हातानं ऐकलंच नाही. गाडी हळूच, अगदी दमून बसावी तशी कलली. गवत कापायच्या यंत्राचा दांडा मध्ये आला आणि फेअरिंगमध्ये घुसला. नॉर्बर्ट गवतावर बसून आपल्या हाताकडे बघत राहिला. हिरवळ थंड होती. कोरीन भांडी पुसायचं फडकं हातात घेऊन बाहेर आली, तेव्हा त्याला तिचं नाव घेऊन सांगायचं होतं की काही झालेलं नाही. तोंडून आलं, “मंगळवार.” तेव्हापासून ती मंगळवार. तिचं नाव घ्यायला गेलं की हेच येतं. दुकानात तो एकदा “मंगळवार!” म्हणून ओरडला तेव्हा दोन बायकांनी घड्याळाकडे पाहिलं आणि कोरीन गाडा वळवून आली.

“ही भेग समोर ठेवून मी चालवणार नाही,” ती म्हणाली. “प्रत्येक सिग्नलला मला ऑक्टोबर दिसेल.” नवं आतलं अंग तिनं मागवलं होतं, कोरं, बिनरंगाचं. खोक्यातून निघालं तेव्हा ते इतकं हलकं होतं की नॉर्बर्टला वाईट वाटलं. गॅरेजवाल्यांकडे का नाही दिलं, असं त्यानं भुवयांनी विचारलं. “माझी बघायची बाजू आहे,” ती म्हणाली. “मी माझ्या हातानं करणार. तू खुर्चीवर बसून शिव्या घाल.”

मग तो आठवडा. नॉर्बर्टला पुढं त्या आठवड्याची आठवण यायची ती वासांनी: प्लास्टिक पुसायच्या द्रवाचा, प्रायमरचा, ओल्या काँक्रीटचा, कोरीनच्या बस चालवतानाच्या जुन्या जाकिटाचा. तिनं काच काढली, बाहेरचं अंग काढलं, आणि आत वायरींचा जो गुंता निघाला तो पाहून कंबरेवर हात ठेवले. प्रत्येक जोडणीवर कागदी चिकटपट्टी लावून नाव लिहायचं, असं ठरलं. तिनं डाव्या स्पीकरची वायर उचलली. “हे काय?” नॉर्बर्टला माहीत होतं. ही वायर त्यानं स्वतः दोनदा बदलली होती. “सूप,” तो म्हणाला. डोळे मिटले. हॉस्पिटलमधली बोलायला शिकवणारी बाई इथं म्हणाली असती, पुन्हा एकदा प्रयत्न करू या, आणि चित्र पुढं केलं असतं. ती चांगली मुलगी होती, पण चित्रातलं सफरचंद बघितलं की त्याला रडू यायचं. पेनाचा कुरकुर आवाज आला म्हणून त्यानं डोळे उघडले. कोरीननं पट्टीवर लिहिलं होतं, सूप. “आणि हे?” “बिशप.” तिनं लिहिलं, बिशप. “हे?” “काकू... काकू रोझ.” “ती तर तुझी काकू होती, भयंकर बाई. ठीक आहे.” पेट्रोलच्या काट्यावर काकू रोझ लागली. दुपारपर्यंत सगळी वायर त्याच्या चुकलेल्या शब्दांनी भरून गेली. पांढऱ्या पट्ट्या लोंबत होत्या आणि त्यांत एकही शब्द बरोबर नव्हता, पण एकही वायर चुकणार नव्हती. दुसऱ्या दिवशी त्यानं सूपला घंटा म्हटलं तेव्हा ती कंबर सरळ करत म्हणाली, “काल सूप होतं, नॉर्ब. रोज मेन्यू बदलू नकोस. मी सूपच धरते.” तो हसला. कितीतरी महिन्यांनी पोटातून हसला, इतका की ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून लाळ आली आणि तिनं ती त्याच फडक्यानं पुसली ज्यानं ती प्लास्टिक पुसत होती. तोंडाला रॉकेलचा वास आला. त्याच्या मनात आलं, सगळे लोक मला माझ्या जुन्या शब्दांकडे परत ओढताहेत, ही एकटी माझ्याकडे राहायला आली आहे.

रंग कोणता, हे तिनं विचारलं नाही. बाहेरचं अंग गडद वाइनसारखं लाल होतं, आतलं काळंच असतं, साऱ्या जगात काळंच असतं. तिनं पिशवीतून रंगाच्या फवाऱ्याचे डबे काढले तर हिरवा. तळ्याच्या पाण्याला संध्याकाळी येतो तसला निळसर, गडद. नॉर्बर्टनं शिवी दिली. “आवडला ना?” ती म्हणाली. “बाहेरून कोण बघतंय? बाहेरून तू तसाच लाल राहशील.”

त्याच दिवशी डुएन आला. झाकलेल्या भांड्यात कोबीत गुंडाळलेलं मांस घेऊन. डुएन आणि नॉर्बर्ट काचेच्या कारखान्यात एका भट्टीवर होते. सबंध हिवाळा डुएननं त्यांच्या अंगणातला बर्फ काढला, कधी बेल न वाजवता. सकाळी उठावं तर रस्ता मोकळा. दारात उभा राहून त्यानं हिरवं प्लास्टिक पाहिलं, मग मागच्या सीटकडे पाहिलं. “काय रे नॉर्ब, उशी शिवून देऊ का? फुलाफुलांची?” कोरीन खरवडायचं जाळं हातातून न ठेवता म्हणाली, “तुझ्या बायकोला उशी दिली असतीस डुएन, तर ती फ्लोरिडाला गेली नसती.” डुएन हो हो करून हसला, पण त्याची नजर नॉर्बर्टच्या उजव्या हाताकडे गेली आणि तिथून पटकन निघाली. नॉर्बर्टला त्याला बर्फाबद्दल काही म्हणायचं होतं. “कोंबडी,” तो म्हणाला. “नाही, डुकराचं आहे,” डुएन गंभीरपणे म्हणाला, “पण पुढच्या वेळी कोंबडीचं करीन.” जाताना त्यानं नॉर्बर्टच्या खांद्यावर थाप मारली, डाव्या. माणसं किती विचार करून थाप मारतात, नॉर्बर्टच्या मनात आलं, आणि आपण हे सगळं आजारी पडेपर्यंत पाहिलंच नव्हतं. तरी उशीचा विनोद त्याला रात्रभर टोचला.

शेवटचा चकाकता थर द्यायचा त्या दिवशी शेजारच्या कॉटनवुडच्या झाडाचा कापूस उडत होता. जूनमध्ये सगळ्या गल्लीत तो उडतो, गटाराच्या कडेला साचतो, कुत्र्यांच्या नाकात जातो. जाणता माणूस या दिवसांत रंगाला हात लावत नाही. पण रविवार जवळ आला होता. कोरीननं छतापासून प्लास्टिकची चादर सोडली, धूळ बसावी म्हणून जमिनीवर पाणी मारलं, फेअरिंग शिडीला तारेनं टांगली, तोंडावर रंगाची वाफ अडवणारा दोन डब्यांचा मुखवटा चढवला. दुसरा त्याला बांधला आणि त्याला दाराच्या फटीपाशी पहाऱ्यावर बसवलं. तिचा हात डावीकडून उजवीकडे गेला, कडेच्या पुढं जाऊन सुटला, परतला. घाई नाही. त्याच्या मनानं तिच्या मनगटाबरोबर तोच प्रवास केला. तोही असाच रंगवायचा, तरुणपणी, बापाच्या गॅरेजमध्ये. पण त्याचा हात नेहमी थोडा जास्त रेंगाळायचा आणि रंग ओघळायचा, मग तो डबा भिंतीवर फेकायचा. हिरव्याला एकदम खोली आली. तेवढ्यात फटीतून एक तंतू आत आला. जमिनीवरून सरकत, उचलला जात, उगाच इकडेतिकडे करत. नॉर्बर्टनं डाव्या हातानं त्याला झेलायचा प्रयत्न केला, वाऱ्यानं तो आणखी वर गेला. “काकू रोझ!” तो मुखवट्यातून ओरडला. “काकू रोझ!” कोरीन वळली आणि दोघांनी मिळून त्याला ओल्या रंगावर उतरताना पाहिलं, वेगाच्या काट्याच्या खाली, उजव्या अंगाला. बोट लावलं तर सगळं बिघडेल. ती तशीच उभी राहिली. मग तिनं डबा खाली ठेवला. “उतरली बाई,” ती म्हणाली. “भयंकर म्हातारी. बसू दे आता.” वाळल्यावर तो तंतू चकाकीच्या आत दिसायचा, बारीक, वाकडा. खरवडून पुन्हा थर द्यायला ती तयार नव्हती. नॉर्बर्टच्या डबा फेकण्याच्या काळात हा दिवस नासला असता. त्या दुपारी त्यांनी बाहेर खुर्च्या टाकून कोबीतलं मांस गार गार खाल्लं आणि कापूस त्यांच्या केसांत बसत राहिला.

जोडणीच्या दिवशी तिनं सूप सुपाला जोडलं, बिशप बिशपला. काटे बसले, दिवे लागले, रेडिओनं कुठल्याशा बेसबॉलच्या सामन्याचा गलका केला आणि ती टाळ्या वाजवत नाचली. शेवटच्या स्क्रूकडे हात जाणार इतक्यात नॉर्बर्टला दिसलं. वायरींची मोळी हँडलखालच्या मानेच्या चुकीच्या अंगानं गेली होती. गाडी सरळ असेपर्यंत काही कळायचं नाही. तीव्र वळणावर ती ताणून एखादी वायर सुटेल, आणि इंजिन बंद पडेल, वळणाच्या मधोमध, तिच्या पायांवर सगळं वजन. “दूध,” तो म्हणाला. “नाही. टपाल. घंटा!” ती थांबली, पण शब्दाचं ओझं तिच्यावर टाकून चालणार नव्हतं. तो खुर्चीतून उठला, काठी सोडली, डाव्या हातानं हँडल धरलं आणि सगळा जोर लावून ते पार डाव्या टोकाला वळवलं. मोळी तारेसारखी ताठ झाली. कोरीन खाली वाकली. “अरे देवा,” ती हळूच म्हणाली. मग तिनं सगळं पुन्हा उकललं, सुपापासून. नॉर्बर्ट वाट बघत होता तिच्या सुस्काऱ्याची. तो आला नाही. तिनं नुसतं विचारलं, “मानेच्या उजवीकडून?” आणि त्यानं मान हलवली. त्याला वाटलं, आता म्हणावं, आत्ता. त्यानं ओठांना आकार दिला. “टपाल.” “उद्या येईल,” ती म्हणाली, दातांत स्क्रू धरून.

रविवारी सकाळी तो स्वयंपाकघरात बसून राहिला. एक बूट पायात, एक टेबलाखाली. कोरीननं आग्रह केला नाही. हेच तिचं वाईट होतं, ती आग्रह करत नसे. दूरवर चर्चच्या दिशेनं गाड्यांचा आवाज जमू लागला होता. तो आवाज त्याला लहानपणी आईच्या भांड्यांचा ओळखू यायचा तसा ओळखू येत होता, त्यात डुएनची गाडीही होती, उजवा सायलेन्सर फाटका. त्यानं स्वतःला मागच्या सीटवर पाहिलं, लोळागोळा, पट्ट्यानं बांधलेला. शरम घशाशी आली. त्याच घशात आभार अडकले होते, आणि दोन्ही एकमेकांना पुढं जाऊ देत नव्हते. खिडकीतून अंगण दिसत होतं. कोरीन गाडी मागं ढकलत गॅरेजमधून काढत होती, बसल्या बसल्या, चवड्यांवर. टाच जमिनीला टेकत नव्हती. गाडी जराशी कलली, तिनं सावरली, आणि मग ती तशीच थांबली, हात हँडलवर, मान खाली. तिच्या हेल्मेटच्या खालची शीर इथूनही उडताना दिसत होती असं त्याला वाटलं. ती घाबरली होती. सगळा आठवडा तिनं त्याला हे दिसू दिलं नव्हतं. आपण इथं आपली शरम कुरवाळत बसलोय आणि ती तिथं साडेतीनशे किलोच्या लोखंडावर चवड्यांवर उभी आहे, कारण तिला आपण बरोबर हवे आहोत. नॉर्बर्टनं टेबलाखालचा बूट पायानं ओढला. नाडी बांधली नाही, आत कोंबली.

दुधाच्या बाटल्यांचा जुना क्रेट तिनं आधीच डाव्या अंगाला ठेवला होता. तो चढला, उजवा पाय हातानं उचलून पलीकडे टाकला, आणि धपकन बसला. गाडी हलली, तिनं धरली. मागं हात करून तिनं त्याचा उजवा हात शोधला, आणि तो आपल्या जाकिटाच्या खिशात घालून वरून चेन ओढली. खिशात रुमाल होता आणि एक गोळी, पुदिन्याची. मग निघाले. नॉर्बर्टला पहिल्यांदा दिसलं की इथून काय दिसतं. तिची मान, तिथले पांढरे केस, आणि खांद्यावरून हिरव्याची एक चिंचोळी पट्टी, बस. काटा नाही, तंतू नाही, जवळजवळ काहीच नाही. इतकी वर्षं तिनं जग एवढंच पाहिलं होतं, त्याच्या मानेच्या दोन बाजूंनी. सगळे डोंगर, सगळी तळी. आणि घरी आल्यावर म्हणायची, किती सुंदर होतं ना. ते खोटं नव्हतं, हे त्याला माहीत होतं. त्याला रडू आलं आणि वाऱ्यानं ते कानाकडे नेलं.

नदीकाठी रस्ता डावीकडे वळतो, लांब आणि खोल. वळण येताना त्याचं सगळं शरीर जागं झालं. डावा हात क्लच शोधू लागला, खांदा आपोआप ओढू लागला, इथं लवकर, अजून थोडं, आता. तीस-चाळीस वर्षांचा मुरलेला चालवणारा त्याच्या अंगात उठून बसला होता. पहिल्या दिवशी, लग्नाच्याही आधी, त्यानंच तिला बजावलं होतं की मागच्यानं स्वतःहून काही करायचं नाही, पुढचा झुकेल तिकडे झुकायचं, सरळ राहायला गेलीस तर दोघंही पडू. तेव्हा ती पंधरा मैल डोळे मिटून बसली होती. कोरीन वळणात शिरली. ती घट्ट होती, वजन आत टाकायला घाबरत होती. नॉर्बर्टनं आपल्या अंगातल्या चालवणाऱ्याला खाली बसवलं. त्यानं छाती तिच्या पाठीला टेकवली आणि आपलं सगळं वजन, जिवंत बाजूचं आणि मेलेल्या बाजूचं, तिच्या हवाली केलं. ती झुकली तेवढा तो झुकला. केसभर कमी नाही, केसभर जास्त नाही. तिच्या पाठीतला घट्टपणा हळूहळू सैल होताना त्याला छातीत कळला. ती आणखी झुकली, गाडी वळणात स्थिर झाली आणि नदी डाव्या कानाशी आली.

वळण संपल्यावर थांब्याची लाल पाटी होती. कोरीननं गाडी थांबवली, दोन्ही चवडे टेकले. इंजिन खालून गुरगुरत होतं. नॉर्बर्टनं तिच्या कानाजवळ तोंड नेलं. सबंध आठवडा जपलेला शब्द ओठांवर आणला. “टपाल,” तो म्हणाला.

तिनं मान मागं टाकली. हेल्मेटला हेल्मेट टेकलं.

“वळणावर ऐकलं मी,” ती म्हणाली, आणि दोन्हीकडे बघून गाडी पुढं काढली.